नॉमिनी आणि वारस : रक्कम कोणाच्या हाती, मालकी कोणाची?

कुटुंबाचा अर्थव्यवहार : लेखांक 8

बँकेतील ठेवी, विम्याच्या पॉलिसी आणि भविष्यनिर्वाह निधी यांची एकत्रित नोंदवही प्रत्येक घरात असावी, हे मागील लेखांकात सांगितले. त्या नोंदवहीत सर्वांत घाईने भरला जाणारा आणि सर्वांत कमी समजून घेतला जाणारा रकाना ‘नॉमिनी’चा असतो. ज्याचे नाव खात्याला लावले त्याचीच ती रक्कम झाली, असा समज बहुतेक कुटुंबांत पक्का आहे. कायद्याची भूमिका मात्र वेगळी असून, या एका गैरसमजापोटी सख्खी भावंडे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहतात.

नामनिर्देशन म्हणजे खातेदाराने आपल्या मृत्यूनंतर रक्कम कोणाकडे सुपूर्द करावी हे संस्थेला आधीच लेखी कळवून ठेवणे. ही सोय प्रामुख्याने संस्थेसाठी आहे, कारण नोंदवलेल्या व्यक्तीला रीतसर पैसे दिले की बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते आणि खरे वारस कोण याची चौकशी करत बसण्याची वेळ तिच्यावर येत नाही. कुटुंबालाही तातडीच्या खर्चासाठी पैसे लवकर हाती येतात. परंतु रक्कम स्वीकारण्याचा अधिकार आणि रकमेची मालकी या दोन भिन्न गोष्टी आहेत. नॉमिनी ती रक्कम सामान्यतः वारसांचा विश्वस्त म्हणून स्वीकारतो, आणि मालकी मृत्युपत्रानुसार किंवा मृत्युपत्र नसल्यास वारसाहक्काच्या कायद्यानुसार ठरते. ‘सरबती देवी विरुद्ध उषा देवी’ या विमा रकमेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1983 मध्ये हेच तत्त्व मांडले, आणि शेअर व म्युच्युअल फंडांच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या ‘शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर’ या प्रकरणात डिसेंबर 2023 मध्ये ते पुन्हा अधोरेखित केले.

याचा व्यवहारातील अर्थ एका हिशोबावरून स्पष्ट होईल. एखाद्या हिंदू गृहस्थाची 12 लाख रुपयांची स्वकष्टार्जित मुदत ठेव आहे, नॉमिनी म्हणून केवळ मुलाचे नाव आहे, मृत्युपत्र केलेले नाही, आणि त्याच्या पश्चात आई, पत्नी, एक मुलगा व एक मुलगी आहेत, असे धरू. बँक संपूर्ण 12 लाख रुपये मुलाच्या हाती देईल आणि त्यात बँकेचे काही चुकले असे होणार नाही. तथापि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार हे चौघेही पहिल्या वर्गाचे, म्हणजे सर्वप्रथम व एकाच वेळी हक्क पोहोचणारे वारस असल्यामुळे प्रत्येकाचा वाटा 3 लाखांचा होतो, आणि उरलेले 9 लाख आजी, आई व बहीण यांना देणे मुलावर बंधनकारक ठरते. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा कमी होत नाही; मृताची आई मात्र या हिशोबातून बहुतेक वेळा विसरली जाते.

या सर्वसाधारण नियमाला काही ठिकाणी वेगळे वळण आहे. विमा कायद्यात 2015 साली झालेल्या दुरुस्तीने आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केल्यास त्यांना ‘लाभार्थी नॉमिनी’ मानण्याची तरतूद आली, परंतु तिचा वारसाहक्काशी मेळ कसा घालावा याविषयी उच्च न्यायालयांत एकवाक्यता नाही. भविष्यनिर्वाह निधीत कुटुंब असलेल्या सभासदाला कुटुंबाबाहेरील व्यक्तीचे नाव देता येत नाही, आणि कुटुंब नसताना दिलेले नाव पुढे कुटुंब झाल्यावर आपोआप निरर्थक ठरते. म्हणून लग्नानंतर हा अर्ज नव्याने भरणे अगत्याचे आहे.

स्थावर मालमत्तेतही हाच भेद आढळतो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेत सभासदाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतले जाते, आणि हक्क असणाऱ्या वारसांना सभासदत्व मिळेपर्यंतच ती व्यवस्था चालते. शेतजमिनीच्या बाबतीत मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत गावच्या तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी अर्ज द्यावा लागतो, त्यावरून फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केल्यावर सातबाऱ्यावर नावे चढतात. तथापि सातबारा हा महसुली अभिलेख आहे, आणि त्यावर नाव न चढल्यामुळे बहिणीचा हक्क बुडत नाही.

वरील वाटणी हिंदू पुरुषाच्या वारसांपुरती आहे. हिंदू स्त्रीच्या मालमत्तेचा क्रम त्याच अधिनियमात स्वतंत्रपणे दिलेला आहे. मुस्लिम कुटुंबांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो आणि त्यात मृत्युपत्राने साधारणतः एकतृतीयांशापर्यंतच मालमत्ता देता येते. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेतून आलेल्या कायद्यानुसार मालमत्ता सामाईक असलेल्या विवाहात जोडीदाराचा अर्धा हिस्सा आधीच त्याचा असतो, आणि मुले असल्यास मृताच्या हिश्शातील अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव राहतो.

या सर्व गुंतागुंतीवरचा उपाय तुलनेने सोपा आहे. नामनिर्देशन आणि मृत्युपत्र ही दोन्ही करावीत आणि त्यांतील नावे परस्परांशी जुळतील याची काळजी घ्यावी. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीसाठी चार व्यक्तींपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा टक्केवारीतील हिस्साही नमूद करता येतो, त्यामुळे वरील उदाहरणातील चारही नावे अर्जावर लिहिणे आता शक्य आहे. मृत्युपत्रासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि त्याच्यासमक्ष दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. ज्यांना मालमत्तेत लाभ मिळणार आहे त्यांनी साक्षीदार न होणे इष्ट. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते आणि शेवटचे वैध मृत्युपत्र ग्राह्य धरले जाते. नॉमिनी नाही आणि मृत्युपत्रही नाही, अशा स्थितीत मोठ्या रकमांसाठी दिवाणी न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला काढण्याची वेळ येते, आणि त्यात वेळ व कोर्ट फी या दोन्हींचा भार नेमका शोकात असलेल्या कुटुंबावर पडतो.

मृत्यूविषयी बोलणे अशुभ मानून अनेक घरांत हा विषय टाळला जातो, परंतु त्या मौनाची किंमत प्रामुख्याने विधवा पत्नी, वृद्ध आई आणि सासरी गेलेली मुलगी यांना मोजावी लागते. म्हणून वाचकांनी या आठवड्यात घरातील प्रत्येक पासबुक, पॉलिसी आणि सोसायटीचे भाग प्रमाणपत्र काढून नॉमिनीचे नाव तपासावे, जुने किंवा मृत व्यक्तीचे नाव असल्यास ते बदलावे, आणि हे काम पती-पत्नींनी एकत्र बसून करावे.