तळव्याखालचे मजले

परभणीच्या स्टेशन रोडला, झाडाच्या सावलीत पेटी मांडून बसणाऱ्या एका चर्मकार काकांजवळ मी दुपारभर बसलो होतो. तेवढ्यात एक मुलगी प्लॅटफॉर्म सँडल घेऊन आली. तीन बोटं जाडीचा तळ पुढून उघडून लोंबत होता.

"मामा, संध्याकाळी लग्न आहे. लवकर चिकटवून द्या."

"नुसतं चिकटवलं तर मांडवात पुन्हा निघंल. शिवून घे, बाई."

काकांनी आधी उरलेला तळही ओढून काढला. रापीनं जुना पिवळा गोंद खरवडला, मग दोन्ही बाजू कानशीनं खरखरीत केल्या, कारण गुळगुळीत रबर धरत नाही. सोल्युशन दोन्हीकडे लावलं, पण लगेच जोडलं नाही. दोन्ही तुकडे उन्हात ठेवले. मुलगी घड्याळ बघत होती, काका बोटाची मागची बाजू टेकवून बघत होते. बोटाला चिकटेनासं झालं तेव्हा कुठे त्यांनी तळ जागेवर बसवला, लोखंडी ऐरणीवर धरला आणि हातोडी मधून कडेकडे चालवली. आत हवा राहता कामा नये.

एवढ्या जाड तळातून आरी आरपार जात नाही. म्हणून त्यांनी कडेला बारीक चीर पाडली आणि त्या चिरेतून तिरपे टाके घेतले. दोरा चिरेत दडला, घासला जाणार नाही.

चालताना पाऊल बोटांच्या मुळाशी वाकतं, जाड तळ मात्र वाकत नाही. सगळा ताण पुढच्या सांध्यावर येतो. म्यूल, म्हणजे मागून उघड्या चपलेची, तऱ्हा वेगळी. टाचेला पट्टा नाही, त्यामुळे टाच मोकळी उचलली जाते आणि पुढच्या पट्ट्याला सगळा भार ओढावा लागतो. हा पट्टा तळात शिरतो तिथेच उसवतो. पण दिवसातून वीसदा उंबऱ्याबाहेर पायताण काढणाऱ्या आपल्या घरांना असंच पायताण सोयीचं. आपल्या सपाता तरी दुसरं काय होत्या?

उंचीही आपल्याला नवी नाही. खडावा एकाच लाकडातून कोरलेल्या, अंगठा आणि शेजारच्या बोटात खुंटी. त्यांच्या तळाला सांधाच नाही, म्हणून तिथं उसवायलाही काही नाही. तिकडे व्हेनिसच्या श्रीमंत स्त्रिया सोळाव्या शतकात 'चोपीन' नावाचे उंच जोडे घालत. त्यातले काही जवळजवळ ५० सेंटिमीटर उंच असत आणि चालायला दासीचा आधार लागे. इटलीच्या साल्वातोरे फेरागामोनं १९३०च्या दशकात चांगलं पोलाद मिळेना तेव्हा बुचाकडे मोर्चा वळवला. १९३८ साली त्यानं सप्तरंगी थरांचा जो प्लॅटफॉर्म केला, तो आजही नवा वाटतो. मला त्यात रंगांपेक्षा थर रचण्याची मेहनत मोठी वाटते.

आणि परभणीच्या शेतकऱ्याला पावसाळ्यात प्लॅटफॉर्म विकत घ्यावाच लागत नाही. काळ्या रानातून चार पावलं टाकली की चिखल थरावर थर चढतो, चप्पल दगडासारखी जड होते, मग बांधावर थांबून काडीनं तो खरवडायचा. तो ताण सहन न होऊन किती चपलांचे अंगठे तुटतात, ते काकांच्या पेटीशेजारच्या ढिगावरून कळतं.

मुलगी सँडल घालून उभी राहिली.

"पंज्यावर उभी राहा," काका म्हणाले.

ती राहिली. काका वाकले आणि सांध्याच्या कडेनं अंगठ्याचं नख पुढून मागपर्यंत फिरवत नेलं. नख कुठेच आत शिरलं नाही.