कोऱ्या पट्ट्यातली अक्षरं

माझ्या कपाटात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘असेन्शन’च्या दोन एलपी शेजारी शेजारी उभ्या आहेत. इम्पल्स कंपनीचं तेच जाकीट, कण्यावर तोच नारिंगी-काळा रंग, तीच अकरा वादकांची नावं. वाजवल्या की मात्र दोन वेगळ्या रेकॉर्ड निघतात. फरक ओळखायचा तर तबकडी बाहेर काढून दिव्याखाली तिरकी धरायची. शेवटची खाच जिथे संपते आणि कागदी लेबल जिथे सुरू होतं, त्यांच्यामध्ये बोटभर रुंदीचा गुळगुळीत कोरा पट्टा असतो. एका तबकडीवर त्या पट्ट्यात ‘एडिशन’ आणि पुढे रोमन दोनचा आकडा कोरलेला आहे. दुसरीवर तो नाही.

२८ जून १९६५ रोजी न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत या अकरा जणांनी ही रचना दोनदा वाजवली. एकदा सुमारे अडतीस मिनिटं, एकदा चाळीस. १९६६ मध्ये त्यातली एक बाजारात आली. कोल्ट्रेनची पसंती दुसरीला होती, म्हणून पुढच्या छपाईत ध्वनिमुद्रण बदललं गेलं, आणि जाकिटावर त्याबद्दल अवाक्षरही लिहिलं गेलं नाही. ज्याने आधी घेतली त्याच्याकडे एक ‘असेन्शन’, ज्याने नंतर घेतली त्याच्याकडे दुसरं. एकट्याने वाजवण्याच्या पाळ्यांचा क्रमसुद्धा दोन्हींत सारखा नाही.

‘असेन्शन’ हे फ्री जॅझ आहे, आणि फ्री जॅझच्या बाबतीत हा फरक किरकोळ नाही. एरवीच्या जॅझमध्ये एक धून असते, तिच्याखाली ठरलेल्या कॉर्डची मांडणी असते, आणि ती कागदावर असते. आज न्यूयॉर्कमध्ये वाजलेली धून उद्या टोकियोत कुणीही वाजवू शकतो. फ्री जॅझने ही मांडणी सोडून दिली. कॉर्डचा क्रम आधी ठरवायचा नाही, मात्रांचा हिशेब बांधून घ्यायचा नाही, किती वेळ वाजवायचं तेही वाजवतानाच ठरायचं. कागदावर असलंच तर सुरुवातीच्या चार ओळी, मधून मधून सगळ्यांनी एकत्र यायच्या खुणा. बाकी जे घडलं ते त्या खोलीत, त्या दुपारी घडलं आणि टेपवर उतरलं. पुढच्याला शिकवावी अशी बंदिश मागे राहत नाही, तबकडी राहते. म्हणून या संगीताचा संग्रह करणारा माणूस लेबलाभोवतीचा पट्टा वाचत बसतो. पाठभेद पाहणारा पोथीचा अभ्यासक जसा समासातल्या खुणा वाचतो, तसा.

हे संगीत ऐकायला सुरुवात कुठून करावी, असं मला कुणी विचारलं की मी ऑर्नेट कोलमनचं नाव घेतो. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा हा माणूस नोव्हेंबर १९५९ मध्ये आपली चौकडी घेऊन न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये आला, तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकचा पांढरा सॅक्सोफोन होता. ग्राफ्टन नावाचा, ब्रिटिश बनावटीचा, पितळी वाद्य परवडत नव्हतं म्हणून घेतलेला. चौकडीत पियानो नव्हता, आणि खरी गोष्ट तिथे आहे. पियानो असला की तो कॉर्ड धरून बसतो आणि बाकीच्यांना त्याच्या अंगणातच फिरावं लागतं. पियानो उठून गेल्यावर धून जिकडे ओढेल तिकडे जायची वाट मोकळी झाली. त्याच वर्षीच्या ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’वरची ‘लोनली वुमन’ ऐका. खाली ड्रमवर बिली हिगिन्सची लय धावते आहे आणि वर कोलमन आणि ट्रम्पेटवादक डॉन चेरी ती करुण धून संथपणे, जणू खालच्या धावपळीशी त्यांचा संबंधच नाही अशी वाजवतात. पहिल्या ऐकण्यातच मनात घर करते ती.

पुढच्या वर्षी, २१ डिसेंबर १९६० रोजी, कोलमनने आठ जण जमवले. दोन चौकड्या, एकाच वेळी. एरिक डॉल्फी त्यात होता; त्याच दिवशी त्याने स्वतःच्या नावाने ‘फार क्राय’ ही अख्खी वेगळी रेकॉर्डही मुद्रित केली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. आठ जणांचं हे सदतीस मिनिटांचं वादन ‘फ्री जॅझ’ या नावाने १९६१ मध्ये निघालं आणि त्या नावावरून सगळ्या प्रवाहाला ओळख मिळाली. जाकिटाला खिडकी कापलेली होती आणि आतून जॅक्सन पोलॉकच्या ‘व्हाइट लाइट’ या चित्राचा तुकडा दिसायचा.

माझी पहिली प्रत एका विक्रेत्याने स्टिरिओ सांगून विकली. दोन वर्षं मी ती अधूनमधून लावत होतो आणि प्रत्येक वेळी दहाव्या मिनिटाला सुई उचलत होतो. सगळं एकात एक कालवल्यासारखं वाटायचं. दोष माझ्या कानांचा आहे असं मी धरून चाललो होतो. मग एके दिवशी लेबल नीट पाहिलं. अटलांटिक कंपनीच्या स्टिरिओ प्रतींच्या क्रमांकाआधी ‘एसडी’ ही अक्षरं असतात. माझ्या प्रतीवर नुसताच १३६४ होता. ती मोनो होती. दोन चौकड्या मी एकाच नळातून ऐकत होतो.

स्टिरिओ प्रत मिळाली त्या रात्री हेडफोन लावून बसलो. डाव्या कानात कोलमन, डॉन चेरी, बासवर स्कॉट लाफारो, ड्रमवर हिगिन्स. उजव्या कानात बास क्लॅरिनेट घेतलेला डॉल्फी, ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, बासवर चार्ली हेडन, ड्रमवर एड ब्लॅकवेल. मध्ये, माझ्या कपाळाच्या ठिकाणी, मोकळी जागा. एकाएकी सगळं बोलणं उलगडलं. डावीकडून कोलमन एक तुकडा टाकतो, उजवीकडून डॉल्फी तो उचलून वाकवून परत पाठवतो. एकाची पाळी चालू असताना बाकीचे गप्प बसत नाहीत, मागून हुंकार देतात, कीर्तनात टाळकरी देतात तसे. शेवटाकडे वाजवणारे पांगतात आणि दोन बास उरतात. लाफारो वरच्या स्वरांत चपळ, हेडन खालच्या अंगाने जमीन धरून. यानंतर साडेसहा महिन्यांनी, जुलै १९६१ मध्ये, लाफारो मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता.

‘हा नुसता गोंगाट आहे’ हा आक्षेप मी घरातही ऐकला आहे आणि तो प्रामाणिक आहे. आपल्याकडच्या श्रोत्याला मी सांगतो की आलाप ऐकायची सवय इथे अर्धीच कामाला येते. वेळेची घाई न करणं, एका स्वराभोवती रेंगाळणं, हे आपण जाणतो. कोल्ट्रेननेही ते आपल्याकडूनच घेतलं. रविशंकरांच्या रेकॉर्ड तो ऐकत असे, मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये वाजवलेल्या ‘इंडिया’त दोन बास तंबोऱ्यासारखे खाली गुंजत राहतात. पण रागाचं व्याकरण ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं. फ्री जॅझचं व्याकरण त्या त्या तबकडीपुरतं असतं आणि ऐकता ऐकताच शिकावं लागतं. म्हणून मी सुचवतो, पहिल्या खेपेला वरच्या फुंकवाद्यांकडे लक्षच देऊ नका. फक्त बास धरा. दुसऱ्या खेपेला ड्रम. तिसऱ्या खेपेला सॅक्सोफोन आपोआप जागेवर येतो.

हे सगळ्यात चांगलं कळतं सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरच्या ‘स्पिरिच्युअल युनिटी’वर. जुलै १९६४ मध्ये तिघांनी मुद्रित केलेली, जेमतेम अर्ध्या तासाची, मोनो रेकॉर्ड. पहिल्या बाजूच्या सुरुवातीला ‘घोस्ट्स’ आहे आणि दुसऱ्या बाजूच्या अखेरीस पुन्हा ‘घोस्ट्स’ आहे, दुसरं रूप म्हणून. धून इतकी साधी की लहान मूल गुणगुणेल. आयलर ती थरथरत्या, रुंद आवाजात एकदा सांगतो आणि मग फाडायला घेतो; स्वर ओरखडे होतात, किंकाळी होते, आणि त्या किंकाळीच्या तळाशी तीच धून चालू असते. सनी मरे ड्रमवर ठेका धरतच नाही. त्याच्या झांजांचा नुसता झिरझिरीत पडदा हलत राहतो. गॅरी पीकॉकचा बास दोघांमध्ये धावतो. शेवटचं ‘घोस्ट्स’ येईपर्यंत तीच धून जुनी ओळख निघाल्यासारखी भेटते. आयलर १९७० मध्ये चौतिसाव्या वर्षी गेला, न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये त्याचं प्रेत सापडलं. त्याच्या तीन वर्षं आधी त्याने कोल्ट्रेनच्या अंत्यविधीत वाजवलं होतं.

‘स्पिरिच्युअल युनिटी’ काढली बर्नार्ड स्टोलमन नावाच्या वकिलाने. त्याच्या ईएसपी-डिस्क कंपनीची पहिली रेकॉर्ड एस्परांटो भाषेतल्या गाण्यांची होती आणि कंपनीच्या नावातही ती भाषाच आहे. काय वाजवायचं ते फक्त कलावंताने ठरवायचं, असं ही कंपनी जाकिटावर छापायची. मोठ्या कंपन्यांना हे संगीत नको होतं, म्हणून ज्याने त्याने आपापली सोय केली. वाद्यवृंद चालवणारा सन रा आणि त्याचा साथीदार ऑल्टन एब्रहॅम यांनी शिकागोत सॅटर्न कंपनी काढली. थोडक्याच प्रती, त्याही कार्यक्रमात विकायच्या, कित्येकदा वादकांनी हाताने रंगवलेल्या जाकिटांत. जर्मनीच्या सॅक्सोफोनवादक पीटर ब्रॉट्झमनने १९६८ मध्ये ‘मशिन गन’ स्वतःच काढली, तीनशे प्रती. आज त्यांतली एखादी विकायला आली की किंमत ऐकून घाम फुटतो. पण या किमतीमागे कुठलीही शान नाही. तेव्हा तीनशेहून जास्त छापायला पैसेच नव्हते.

त्या प्रतींच्या मागे लागू नका. यातल्या बहुतेक रेकॉर्ड नव्याने छापल्या गेल्या आहेत. माझ्या संग्रहातही बऱ्याच नव्या छपाईच्याच आहेत, टपालाने मागवलेल्या, सीमाशुल्क भरून सोडवलेल्या. फक्त कोणत्या टेपवरून कापली, मोनो की स्टिरिओ, हे वाचून घ्या. ऐकण्याला फरक पडतो तो तिथे.

एका रेकॉर्डसाठी मात्र माझा जीव अडकला आहे. जो हॅरिऑट हा मूळचा जमैकाचा ऑल्टो सॅक्सोफोनवादक. कोलमनच्याच काळात, लंडनमध्ये, त्याने स्वतःच्या वाटेने ‘फ्री फॉर्म’ घडवलं. १९६९ मध्ये तो एका गिटारवादकाबरोबर वाजवायला बसला. तो आमान्सियो डिसिल्वा, मूळ गोव्याचा, वाढला मुंबईत, आणि १९६७ मध्ये लंडनला गेलेला. रेकॉर्डचं नाव ‘हम दोनो’. पूर्ण फ्री जॅझ म्हणता येणार नाही, पण हॅरिऑटचा धारदार ऑल्टो आणि डिसिल्वाची रागाच्या वळणाने जाणारी गिटार ज्या मोकळेपणाने एकमेकांना वाट देतात, तो मोकळेपणा त्याच अंगणातला आहे. मूळ प्रत मी एकदाच हातात धरली, घेऊ शकलो नाही. डिसिल्वाने १९७०च्या दशकाच्या आरंभी आणखी एक रेकॉर्ड केली, ‘कोंकण डान्स’. ती तेव्हा निघालीच नाही. तीसेक वर्षं टेप डब्यात पडून राहिली आणि बाहेर आली तेव्हा वाजवणारा हयात नव्हता.

वांद्र्याच्या, गिरगावच्या, मडगावच्या जुन्या घरांत अजून खोक्यांत रेकॉर्ड आहेत. घर रिकामं करताना त्या वजनावर जातात. देण्याआधी प्रत्येक तबकडी एकदा जाकिटाबाहेर काढा, खिडकीपाशी न्या आणि लेबलाभोवतीचा पट्टा तिरक्या उजेडात धरून पाहा.