भाडेकरू घर खाली करत नसेल तर? कुलूप नको, कायद्याचा रस्ता धरा

आपल्या समाजात बऱ्याच घरांचा महिना भाड्यावर चालतो. मरहूम वालिदांनी मागे ठेवलेल्या दोन खोल्या, आखातातल्या कमाईतून घेतलेला फ्लॅट, मोहल्ल्यातलं जुनं दुकान. बेवा आईचं औषधपाणी आणि पोरांची फी त्याच पैशांतून निघते. अशा वेळी भाडेकरूने भाडं थकवलं किंवा मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर घरमालकाचा तोल सुटतो. मग कुणी सल्ला देतं, "लाईट तोडा, सामान बाहेर काढा." आमचं स्पष्ट सांगणं आहे, हे करू नका. आपला हक खरा असला तरी अशाने आपणच आरोपी होतो.

आधी पाहा, करार कोणता?

महाराष्ट्रात 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू आहे. त्यात जागा देण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि सगळा खेळ त्यावरच आहे.

पहिला प्रकार 'लीव्ह अँड लायसन्स'. यात ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरण्याची परवानगी असते. राहण्याच्या जागेची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर कलम 24 प्रमाणे घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. समन्स मिळाल्यावर 30 दिवसांत समोरच्याने बचावाची परवानगी मागितली नाही, तर ताबा देण्याचा आदेश होतो. शिवाय मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. हा मार्ग राहत्या घरासाठी आहे. दुकान-गाळ्यासाठी न्यायालयातच जावं लागतं.

दुसरा प्रकार भाडेकरूचा, म्हणजे पागडीची खोली किंवा जुनी चाळ. इथे भाडेकरूला कायद्याचं मोठं संरक्षण आहे. मूळ भाडेकरू वारला म्हणून खोली मोकळी होत नाही. त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेहक्क जाऊ शकतो.

11 महिन्यांचा गैरसमज

"11 महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला?" हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं आहे हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. वर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नातेवाईक आहे, जमातीतला आहे म्हणून तोंडी व्यवहार करू नका. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. लिहून ठेवणं म्हणजे अविश्वास नव्हे.

भाडं थकलं तर

भाडेकरू असेल तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून 90 दिवस गेल्याशिवाय थकबाकीवरून दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्सपासून 90 दिवसांत त्याने सगळी बाकी 15 टक्के साध्या व्याजासह भरली आणि पुढचं भाडं व दाव्याचा खर्चही दिला, तर या कारणावरून त्याला काढता येत नाही. घेतलेल्या प्रत्येक भाड्याची पावती देणं बंधनकारक आहे. पैसे बँकेतून घेतले तर पुढे कुणी थकबाकी नाकारू शकत नाही.

बाकीची कारणं

कलम 16 मध्ये ती दिली आहेत: जागेची नासधूस, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, परस्पर पोटभाडेकरू ठेवणं, सबळ कारण नसताना सलग 6 महिने जागा न वापरणं, आणि स्वतःची खरी गरज. मुलाचं लग्न झालं, जागा पुरत नाही, ही खरी गरज असू शकते. पण न्यायालय दोन्ही बाजू तोलतं, की जास्त हाल कुणाचे होतील. ताबा मिळाल्यावर महिन्याभरात तिथे राहायला गेलो नाही किंवा वर्षाच्या आत जागा दुसऱ्याला भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू परत ताबा मागू शकतो. म्हणून गरजेचं खोटं कारण पुढे करू नका.

मालक आखातात, वारस अनेक

वालिदांच्या नावावरचं घर असेल तर सगळे वारस सहमालक. इतरांची हरकत नसेल तर एक सहमालकही दावा लावू शकतो. तरी भावा-बहिणींची लेखी संमती घ्या आणि बहिणींचा हिस्सा विसरू नका. भाडेकरूचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

मालक परदेशात असेल तर तिथल्या भारतीय दूतावासात मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवावं. महाराष्ट्रात आल्यापासून 3 महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं. मात्र मुखत्यार फक्त स्वतःला माहीत असलेल्या गोष्टींचीच साक्ष देऊ शकतो. 'मला घराची गरज आहे' हे मालकालाच सांगावं लागतं. सुट्टीचं नियोजन त्याप्रमाणे करा.

हे कधीच करू नका

पाणी-वीज तोडणं कलम 29 प्रमाणे गुन्हा आहे. जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली 6 महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. त्या दाव्यात घर कुणाच्या मालकीचं हा प्रश्नच येत नाही.

कोर्टाआधी एकदा बोला

मुंबईत असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात आणि वर्षं जातात. म्हणून मोहल्ल्यातल्या दोन समजदार माणसांना बसवून बोलणं करा. ठरलेली तारीख, बाकी आणि डिपॉझिटचा हिशेब कागदावर घ्या, दोघांच्या सह्या घ्या. समोरचा खरंच अडचणीत असेल तर मुदत द्या. तंगीतल्या कर्जदाराला सवलत देण्याची शिकवण त्याच सूरहच्या 280 व्या आयतीत आहे. तरीही तो ऐकत नसेल, तर कागद घेऊन वकिलाकडे जा. आपला हक मागण्यात काहीच गैर नाही, फक्त तो कायद्याच्या दारातून मागा.