हुआन अरेल्यानो : मनिलाचे स्थापत्यकार

फिलिपाईन्समधील क्वेझॉन सिटी हे शहर मुळात कामकरी माणसाला डोळ्यांसमोर ठेवून वसवावयाचे ठरले होते, असे आमच्या वाचनात आले, तेव्हा त्याची आखणी कोणी केली याचा आम्ही शोध घेऊ लागलो. त्या चारपाच नावांत बहुतेक अमेरिकन. एक मात्र तिथल्याच मातीतले, हुआन अरेल्यानो यांचे.

अरेल्यानो १८८८ साली मनिलातील तोंदो या गोरगरिबांच्या दाट वस्तीच्या भागात जन्मले. ओढा चित्रकलेकडे. दहा वर्षांचे असताना स्पेनचे राज्य गेले व अमेरिकेचे आले. नवे सरकार हुशार मुलांना आपल्या खर्चाने अमेरिकेस धाडी. अशांना ‘पेन्सिओनादो’ म्हणत. स्थापत्य शिकण्यास गेलेल्या पहिल्यावहिल्या पेन्सिओनादोंत अरेल्यानो होते. फिलाडेल्फियात चित्रकला व स्थापत्य शिकून ते परतले, काही काळ थोरले बंधू आर्कादियो यांच्यासमवेत काम केले आणि मग सरकारी बांधकाम खात्यात शिरले. खात्यातले अमेरिकन स्थापत्यकार त्याच सुमारास मायदेशी परतत होते.

पण शहराचा आराखडा अमेरिकनच राहिला. डॅनियल बर्नहॅम यांनी तो १९०५ सालीच करून ठेवला होता. टपालाची ने-आण नावांतून व्हावी म्हणून पासिग नदीच्या काठी टपाल कचेरी असावी, ही सूचना त्यातलीच. खांबांची लांबलचक रांग असलेली ती भव्य इमारत अरेल्यानो यांनी तेथे उभी केली. ग्रंथालय म्हणून आखलेली दुसरी एक इमारत त्यांनी कायदेमंडळासाठी फिरवून घेतली. ती १९२६ साली पुरी झाली. दोन्हींचा घाट ग्रीक-रोमन वळणाचा. आपल्या हाताचे त्यांनी खरे काही केले ते १९३१ च्या मेट्रोपॉलिटन नाट्यगृहात. तेथे आंबे आणि केळी भिंती-छतांच्या नक्षीत येऊन बसली. आम्हांला विचाराल तर दहा ग्रीक खांबांपेक्षा ते एक छत मोलाचे!

आता क्वेझॉन सिटी. राष्ट्राध्यक्ष मानुएल क्वेझॉन यांना तोंदोसारख्या वस्त्यांची दशा खुपत होती. सरकारी गृहनिर्माण महामंडळाने मनिलाच्या ईशान्येस दिलिमान येथे सुमारे दीड हजार हेक्टर जमीन घेतली. ‘बारिओ ओब्रेरो’, म्हणजे कामगारवाडी, या नावाने घरे बांधावयास घेतली आणि १९३९ साली कायद्याने शहर स्थापले. हॅरी फ्रॉस्ट, लुई क्रॉफ्ट, ए. डी. विल्यम्स आणि अरेल्यानो यांनी १९४१ साली आराखडा दिला : मधोमध चारशे हेक्टरांचा चौकोन, त्यात उद्याने व सरकारी इमारती, चार बाजूंना चार रुंद रस्ते.

आराखडा देखणा होता, यात शंका नाही. पण रोजंदारीवरच्या हमालाला पहाटे गोदीच्या फाटकाशी हजर राहावे लागते, तेव्हा कुठे त्या दिवसाचे काम मिळते. गोदी राहिली मनिलात, घर मैलोगणती दूर. येण्याजाण्याचे भाडे आणि वर घराचा हप्ता. ज्याची मजुरी आज आहे आणि उद्या नाही, त्याने हप्ता भरावा कशातून? घरे गेली ती महिन्याच्या महिन्याला पगार हाती पडणाऱ्या नोकरदारांकडे. चौघांनी रस्त्यांची रुंदी मोजली, मजुरीचा हिशेब मात्र त्यांच्या कागदावर आला नाही. तो त्यांच्याकडे कोणी मागितलाही नसेल, हेही खरे. गंमत अशी की, मधल्या चौकोनातील सरकारी जमिनीवर युद्धानंतर गरीब कुटुंबांनीच झोपड्या घातल्या. ज्यांच्यासाठी शहर काढले, ते असे मागल्या दाराने आत आले, आणि त्यांना हुसकण्याचे खटाटोप पुढे कित्येक वर्षे चालले.

युद्धाने अरेल्यानो यांनाही सोडले नाही. १९४५ च्या मनिलाच्या लढाईत कायदेमंडळाची इमारत उद्ध्वस्त झाली, टपाल कचेरी पोळली. त्यांचे राहते घर आतल्या चित्रांसकट गेले. इमारती पुन्हा उभ्या राहिल्या, पण मूळ नकाशांना धरून नव्हे. कायदेमंडळाच्या जागी पुढे राष्ट्रीय कलासंग्रहालय आले. टपाल कचेरी २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा जळाली. नाट्यगृहाचे तर काही काळ मुष्टियुद्धाचा आखाडा आणि मोटारींचे गॅरेज असे हाल झाले. डागडुजी होऊन ते २०२१ साली उघडले.

अरेल्यानो १९५६ साली निवृत्त झाले आणि पुन्हा चित्रे काढू लागले. १९६० साली मनिलात त्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते वारले.