कांद्याच्या भावाचं व्याकरण

लासलगाव बाजार समितीत कांद्याचे लिलाव उरकले की दिवसभराची उलाढाल एका ओळीत मावते: बाजाराचं नाव, प्रत, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. शेतकरी ती एका नजरेत वाचतो. संगणकाला मात्र कुठला आकडा कशाचा, हे सांगावं लागतं. ‘लासलगाव’ आणि ‘लासलगाव - विंचूर’ या नोंदी वेगळ्या आहेत, मधली रेघ रकाना तोडत नाही, हेसुद्धा.

अशी ओळ उलगडणारा प्रोग्राम म्हणजे पार्सर. तो हातानेही लिहिता येतो, पण मग ओळीचे नियम कोडमध्ये विखुरतात आणि पुन्हा सापडत नाहीत. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी 1965 मध्ये मांडलेल्या पद्धतीचा आधार घेऊन स्टीफन जॉन्सन यांनी 1970च्या दशकात बेल लॅब्जमध्ये ‘याक’ हे साधन घडवलं. त्याला व्याकरणाची, म्हणजे ओळीच्या नियमांची, फाईल द्यायची; पार्सरचं सी भाषेतलं कोड ते स्वतः लिहून देतं. सॉफ्टवेअरच्या बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार होताना, ‘मेक’ हे साधन फाईली शेवटच्या कधी बदलल्या ते तपासतं आणि व्याकरण कोडपेक्षा ताजं असेल, तर पार्सर नव्याने तयार करवतं. म्हणून त्या तयार कोडमध्ये दुरुस्ती करू नये, ती पुढच्या वेळी पुसली जाते. दुरुस्ती व्याकरणातच करायची.

याकचा खरा फायदा वेगळाच आहे. समजा, आपण नियम केला की आवक नसली तरी चालेल आणि सर्वसाधारण दर नसला तरी चालेल. मग 1500, 2200, 1900 असे तीनच आकडे आले, तर 1500 ही आवक की कमीत कमी दर? दोन्ही अर्थ नियमात बसतात. हाताने लिहिलेला पार्सर यातला एक अर्थ गुपचूप धरून चालतो. याक मात्र एकही ओळ वाचण्याआधी, बिल्डच्या वेळीच, व्याकरणात संघर्ष असल्याचा इशारा देतं. तरीही ते थांबत नाही. ठरलेल्या रीतीप्रमाणे पहिला आकडा आवक मानतं, आणि कमीत कमी दर 2200, जास्तीत जास्त 1900 अशी अशक्य नोंद तयार होते.

याकचाच वारसा चालवणाऱ्या ‘बायसन’मध्ये अशा इशाऱ्याला चूक मानून बिल्ड थांबवण्याची सोय आहे. शेतमालाच्या भावाचं सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांनी ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी.