भंगारांतील संजीवनी

त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील हरसूल या आमच्या डोंगराळ गांवीं वडिलांपाशीं एक जुनी जीपगाडी होती. तिचा एखादा भाग निकामी झाला, कीं त्र्यंबकमार्गें सातपूर गांठावें आणि अंबड लिंक रोडवरील भंगार बाजारांत शिरावें, हा आमचा ठरलेला परिपाठ असे. जीप, फियाट, अँबॅसॅडर यांच्या सांगाड्यांतून वडील हवा तो कार्बुरेटर, दांते न झिजलेलें गिअरचें चाक, कमानीचा पाटा अचूक हुडकून काढीत. मोडीत निघालेली एक गाडी अशा रीतीनें दुसरीस जीवदान देई!

नाशिक महानगरपालिकेनें तो अनधिकृत बाजार २०१७ सालीं हटविला. पुन्हां उभ्या राहिलेल्या दुकानांवर २०२५ सालींही कारवाई झाली. नियमाच्या दृष्टीनें तें योग्यच असेल. परंतु २०२१ च्या केंद्रीय नियमांन्वयें ५० वर्षांवरील गाडीस 'व्हिंटेज' हा मान हवा असल्यास तिचें मूळ स्वरूप कायम असावें लागतें. आणि उत्पादन थांबलेल्या गाड्यांचे मूळ भाग बहुधा अशाच ढिगाऱ्यांत सांपडत!

आज वडील नाहींत. योग्य मापाच्या एका दातेरी चाकावांचून त्यांची जीप अंगणांत उभी आहे. जीर्ण लुगडें टाकून न देतां त्याची गोधडी शिवणाऱ्या आमच्या गृहिणींना त्या बाजाराचें मोल निराळें सांगावयास नको. तेथें गेल्यावर वडिलांची नजर कशी उजळे, तें मात्र सांगून कळावयाचें नाहीं.