पन्नाशीनंतरचा पांढरा पट्टा

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात कराटेविषयी लेख पाहून आमच्या देणगीदारांना व हितचिंतकांना काहीसे नवल वाटेल. परंतु त्याचे कारण आमच्या अस्थिरोग विभागातच आहे. घरातल्या घरात, बहुधा न्हाणीघरात, पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेले ज्येष्ठ रुग्ण तेथे वर्षभर येत असतात. शस्त्रक्रियेनंतर हाड सांधते; मात्र पुन्हा पडण्याच्या भीतीने माणूस चालणेच कमी करतो आणि पाय अधिकच दुबळे होतात. पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व स्नायुबल वाढविणारा व्यायाम करावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली केली आहे. कराटेत तोल व पायांचे बळ या दोहोंचा सराव होतो.

आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे. सारा जन्म जमाखर्च पाहण्यात, म्हणजे बसून, गेला. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी चौकशीस गेलो असता एका वर्गात ‘आधी वजन उतरवून या’ असे ऐकावे लागले. खाते उघडण्यापूर्वीच शिल्लक दाखवा, असे म्हणण्यासारखे हे झाले! दुसऱ्या वर्गातील प्रशिक्षकांनी मात्र वजनाऐवजी रक्तदाब विचारला.

आधुनिक कराटेचे एक प्रवर्तक गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) हे ओकिनावा बेटावरचे शाळाशिक्षक. बालपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. १९२२ साली टोकियोत प्रात्यक्षिक देऊन ते तेथेच शिकवू लागले, तेव्हा त्यांनीही पन्नाशी ओलांडली होती.

कराटेची तीन अंगे आहेत. ‘किहोन’ म्हणजे मूलभूत हालचाली, ‘काता’ म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करावयाच्या हालचालींची मालिका आणि ‘कुमिते’ म्हणजे जोडीदाराशी सामना. लोकांच्या डोळ्यांसमोर असते ते तिसरे. प्रौढ नवशिक्याने आरंभ करावयाचा तो पहिल्या दोहोंपासून. फुनाकोशींचे गुरू आन्को इतोसू यांनी शाळकरी मुलांसाठी सोप्या काता रचल्या. त्यांपैकी शोतोकान पद्धतीत प्रथम शिकविली जाणारी ‘हेयान शोदान’ एकवीस हालचालींची असून तीत एकही लाथ नाही. पाऊल पुढे टाकणे, वळणे, हाताने अडविणे व ठोसा देणे, एवढेच. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेताना देह सावरणे हेच तीत वारंवार घडते, आणि न्हाणीघरात नेमके तेच हुकते. गुडघे दुखत असल्यास ते कमी वाकवावेत, गती आपल्या श्वासाप्रमाणे ठेवावी; काता तरीही पूर्ण होते.

तथापि पथ्ये आहेतच. प्रारंभी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रक्तदाब आटोक्यात नसेल तर तो येईपर्यंत थांबावे. ठोसा देताना श्वास कोंडल्यास दाब एकदम चढतो, म्हणून श्वास सोडीतच ठोसा द्यावा. ‘कियाई’ या आरोळीचा तोही एक उपयोग आहे. सराव अनवाणी असल्याने मधुमेहींनी आधी व नंतर तळपाय तपासावेत आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर जवळ बाळगावी. हाडे ठिसूळ असणाऱ्यांनी कुमितेच्या वाटेस जाऊ नये. छातीत दुखले, भोवळ आली किंवा अवाजवी धाप लागली, तर तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे. प्रशिक्षकांपासून आजार लपवू नये, हे आवर्जून सांगावेसे वाटते. संकोचापायी आम्हीही पहिला आठवडा गुडघ्याविषयी मौन पाळले होते आणि पुढील दोन आठवडे घरी बसलो.

पांढरा पट्टा सर्वांना सारखाच. वर्गात आमच्या शेजारी तिसरी-चौथीतील मुले उभी असतात. ती आम्हास ‘आजोबा’ म्हणतात आणि वळताना आमचे पाऊल चुकले की बिनदिक्कत दाखवून देतात.